आष्टीचें नियाझी घराणें

वर्धा जिल्ह्यांतील आष्टी हें गांव आज 'आष्टी (शहीद)' या नांवानें ओळखलें जातें. ता. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं येथील पोलीस ठाण्यावर लोक चालून गेले, गोळीबार झाला, आणि त्या दिवसाच्या स्मरणार्थ हुतात्म्यांचें पद गांवाच्या नांवास कायमचें जोडलें गेलें. तें योग्यच झालें. परंतु याच गांवांत त्या घटनेच्या सुमारें तीन शतकें आधीं बांधलेले दोन मकबरे शेजारीं शेजारीं उभे आहेत. दिल्ली, आग्रा किंवा बऱ्हाणपूर येथें ज्या घाटाच्या इमारती पाहावयाच्या, त्या घाटाची इमारत वर्धेच्या खोऱ्यांतील एका कसब्यांत कोणीं व कां बांधली, हा प्रश्न पाहणाराच्या मनांत सहज उभा राहतो. मोठा मकबरा महंमदखान नियाझी याचा व लहान त्याचा पुत्र अहमदखान याचा. या पितापुत्रांचा वृत्तांत उपलब्ध साधनांवरून जुळवावा आणि, हें घराणें मोगलांच्या फिरत्या अंमलदारांपैकीं एक नसून वऱ्हाडांत रुजलेलें घराणें होतें हें दाखवावें, इतकाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. स्थलनिर्णय

प्रथम स्थलाचा घोटाळा दूर केला पाहिजे. आष्टी नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत अनेक आहेत. बीड जिल्ह्यांत एक आष्टी आहे. सोलापूर जिल्ह्यांतील आष्टी ता. २० फेब्रुवारी १८१८ च्या लढाईमुळें व बापू गोखले यांच्या मृत्यूमुळें सर्वांस ठाऊक आहे. गडचिरोली जिल्ह्यांतहि एक आष्टी आहे. याखेरीज इ. स. १५९७ मध्यें खानखानान अब्दुर्रहीम व विजापूरचा सरदार सुहेलखान यांची जी मोठी लढाई झाली, ती अबुल् फज्लनें 'आष्टीजवळ' म्हणून नोंदली आहे. ती आष्टी गोदावरीच्या बाजूस, पाथरीच्या परिसरांतील होय. महंमदखान नियाझी हा खानखानानचाच सहकारी असल्यामुळें या दोन आष्टींची गल्लत होण्याचा संभव विशेष आहे. फारसी कागदांत नुसतें 'आष्टी' आढळलें तर सुभा, सरकार व शेजारचीं परगणीं पाहिल्यावांचून निर्णय करूं नये.

आपली आष्टी वर्धा नदीच्या पूर्वेस आहे. ही नदी म्हणजे प्राचीनांची वरदा. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रां'त विदर्भाचे दोन भाग करून यज्ञसेन व माधवसेन या दोघां चुलतभावांस वरदेच्या दोन तीरांवर राज्य करावयास दिल्याचा प्रसंग आहे. नदीला सीमा मानण्याची ही कल्पना पुढें इ. स. १८०३ च्या देवगांवच्या तहांत पुन्हा अवतरली आणि नदीच्या पश्चिमेचें वऱ्हाड नागपूरकर भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेलें. परंतु अकबराच्या काळीं तशी स्थिति नव्हती. वऱ्हाडच्या सुभ्यांत वर्धेच्या पूर्वेकडील पवनार हें एक स्वतंत्र सरकार होतें. म्हणून आष्टीकर नियाझ्यांस 'वऱ्हाडचे जहागीरदार' म्हटलें असतां आजच्या वाचकानें बुचकळ्यांत पडण्याचें कारण नाहीं.

२. साधनें

या घराण्याच्या इतिहासाचें मुख्य साधन म्हणजे शाहनवाजखान समसामुद्दौला यानें औरंगाबादेस लिहिलेला 'मआसिर-उल-उमरा' हा मोगल सरदारांचा चरित्रकोश. यांत सातशेंहून अधिक चरित्रें आहेत. ग्रंथकार निजामाच्या सेवेंत असून कांहीं काळ वऱ्हाडचा दिवाण होता. म्हणजे ज्या प्रांतांत आष्टी आहे त्या प्रांताचे महसुली दप्तर त्याच्या नजरेखालून गेलेलें होतें. त्याच्या शब्दांस आमच्या विषयापुरतें अधिक वजन द्यावें तें याच कारणानें.

हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं या ग्रंथाची कथा अवश्य ध्यानांत ठेवावी. इ. स. १७५८ मध्यें औरंगाबादच्या दंग्यांत शाहनवाजखान मारला गेला. त्याच सुमारास त्याचें घर लुटलें गेलें आणि ग्रंथाचें हस्तलिखित नाहींसें झालें. सुमारें वर्षभर त्याचा पत्ता नव्हता. नंतर ग्रंथकाराचे स्नेही मीर गुलाम अली आझाद बिलग्रामी यांनीं शोध करून विस्कळित पानें मिळविलीं व जुळविलीं, आणि ग्रंथकाराचा पुत्र अब्दुल् हय्य यानें इ. स. १७८० मध्यें ग्रंथ पुरा केला. बंगालच्या एशियाटिक सोसायटीनें इ. स. १८८८ ते १८९१ या काळांत तो छापला. आझाद बिलग्रामी यांनीं ती पानें रद्दी समजून सोडून दिलीं असतीं, तर महंमदखान नियाझी हा आपणांस घुमटाखालील एक नांव यापलीकडे फारसा कळला नसता.

दुसरें साधन ब्लॉखमन यानें केलेलें 'आईन-इ-अकबरी'चें भाषांतर. त्याचा पहिला भाग इ. स. १८७३ चा असून अकबराच्या मनसबदारांच्या यादीस त्यानें जोडलेल्या टीपांत महंमदखानाचें चरित्र संक्षेपानें आलें आहे. तिसरें, शाहजहानचा इतिहासकार अब्दुल् हमीद लाहोरी याचें 'पादशाहनामा'. त्यांतील मनसबदारांच्या याद्या अहमदखानासाठीं उपयोगीं पडतात. चौथें, मध्यप्रांताचीं इंग्रजी गॅझेटियरें. यांत स्थानिक परंपरा नोंदल्या आहेत. यांपैकीं पहिल्या तिहींस प्रमाण व चौथ्यास परंपरा समजून आम्ही चाललों आहों.

३. कूळ

नियाझी ही पठाणांची एक प्रसिद्ध शाखा. सूर सुलतानांच्या काळीं तिचा उत्कर्ष झाला. शेरशहाचा पंजाबचा सुभेदार हैबतखान नियाझी यानें मुलतान जिंकलें, परंतु शेरशहाचा पुत्र इस्लामशहा (इ. स. १५४५-१५५४) याच्याविरुद्ध त्यानें बंड केलें आणि त्या बंडांत त्याचा व त्याच्या भावांचा नाश झाला. याच कुळांतील ईसाखान नियाझी हा मात्र सूर दरबाराशीं एकनिष्ठ राहिला. दिल्लीस हुमायूनच्या मकबऱ्याच्या आवारांत त्याची अष्टकोनी कबर इ. स. १५४७-४८ ची, म्हणजे हुमायूनच्या मकबऱ्याहून जुनी, आजहि उभी आहे.

हा पूर्वेतिहास सांगण्याचें कारण असें कीं, मोगलांनीं हिंदुस्थानचें राज्य पठाणांच्याच हातून घेतलें. अकबराच्या दरबारांत तुराणी, इराणी व रजपूत यांच्या मानानें पठाण सरदारांकडे संशयानें पाहिलें जाई. अशा काळांत एका नियाझी पठाणानें दोन बादशहांच्या कारकीर्दींत नांव मिळवावें व तें अखेरपर्यंत निष्कलंक राखावें, ही सामान्य गोष्ट नव्हे.

४. महंमदखान

महंमदखानाची नोकरी पूर्वेकडे सुरू झाली. बंगाल्यांत शाहबाजखान कंबो हा ईसाखान व मासूमखान काबुली यांच्याशीं झुंजत असतां (इ. स. १५८३ नंतर) ब्रह्मपुत्रेच्या कांठच्या लढायांत महंमदखानानें पराक्रम केला. शाहबाजखानास त्याची इतकी किंमत वाटली कीं तो त्यास वर्षास एक लक्ष रुपये देई, असें चरित्रांत म्हटलें आहे.

पुढें खानखानान अब्दुर्रहीम सिंधच्या स्वारीवर निघाला तेव्हां महंमदखान त्याच्याबरोबर होता. ठठ्ठ्याचा मिर्झा जानीबेग याच्याशीं इ. स. १५९२ मध्यें लखीजवळ जी निर्णायक लढाई झाली, तींत मोगल फौज संख्येनें कमी होती. राजा तोडरमलाचा पुत्र धारू याच लढाईंत पडला. दौलतखान लोदी व महंमदखान नियाझी हे दोघे पठाण सरदार या तुकडींत होते आणि विजयाचें श्रेय महंमदखानास विशेष मिळालें. तेव्हांपासून खानखानानचा व त्याचा स्नेह जडला. खानखानानची पुढील बहुतेक कारकीर्द दक्षिणेंत गेली. महंमदखान वऱ्हाडास येण्याचा मार्ग या स्नेहांतूनच निघाला, असें आम्हांस वाटतें.

वऱ्हाड प्रांत इ. स. १५९६ मध्यें चांदबिबीशीं झालेल्या तहानें अकबरास मिळाला. परंतु मिळालेला प्रांत राखणें निराळें. मलिक अंबर उदयास आल्यावर जहांगीरच्या सरदारांस विसांवा मिळाला नाहीं. इ. स. १६१६ मध्यें मोगलांनीं खडकी लुटली, तर इ. स. १६२० मध्यें अंबराच्या फौजा वऱ्हाड व्यापून बऱ्हाणपुरास वेढा घालून बसल्या. खडकीच्या बाजूच्या झुंजांत महंमदखान लढला व पुढें शाहजादा शाहजहान याच्या हाताखालीं त्यानें काम केलें. जहांगीरच्या काळीं त्याची मनसब दोन हजारांपर्यंत चढली.

त्याच्या स्वभावाविषयीं दोन गोष्टी नमूद आहेत. पहिली ही कीं, त्यानें दरबारी किताब घेण्याचें नाकारलें. आपलें नांव महंमद आहे, याहून थोर नांव तें कोणतें, असें त्याचें म्हणणें होतें. किताबांसाठीं जेथें सरदार जन्मभर झुरत, तेथें हें उत्तर उठून दिसतें. दुसरी गोष्ट त्याच्या दिनचर्येची. त्याचा दिवस नेमानें वांटलेला असे. कुराण, त्यावरील भाष्यें व पुण्यपुरुषांचीं चरित्रें यांचें वाचन आणि विद्वानांचा सहवास यांत स्वारीशिकारीमुळेंहि खंड पडत नसे. पन्नास वर्षांच्या नोकरींत त्यानें हा नेम मोडला नाहीं, आणि समकालीन लोक त्यास वली म्हणजे संतपुरुष मानीत.

५. निधनकालाचा निर्णय

महंमदखानाच्या मृत्यूचा जो कालदर्शक शब्दसमूह नोंदला गेला आहे, त्याचा अर्थ 'महंमदखान संत होऊन गेला' असा आहे. आपल्याकडील कटपयादि पद्धतींत अक्षरांवरून अंक निघतात, त्याच जातीची ही अबजद पद्धति. संस्कृतज्ञ वाचकांनीं ती स्वतः ताडून पाहावी म्हणून गणित देतों. 'बमुर्द' या शब्दांत बे २, मीम ४०, रे २००, दाल ४, मिळून २४६. 'औलिया' यांत अलिफ १, वाव ६, लाम ३०, ये १०, अलिफ १, मिळून ४८. 'मुहम्मद' यांत मीम ४०, बडी हे ८, मीम ४०, दाल ४, मिळून ९२; येथें द्वित्त मकार एकदांच मोजावयाचा, कारण अबजदांत लिहिलेलें अक्षर धरतात, उच्चार धरीत नाहींत. 'खान' यांत खे ६००, अलिफ १, नून ५०, मिळून ६५१. चोहोंची बेरीज १०३७.

हिजरी १०३७ हें साल ता. १२ सप्टेंबर १६२७ रोजीं सुरू होऊन ३० ऑगस्ट १६२८ रोजीं संपलें. शालिवाहन शकाप्रमाणें तें १५४९ व १५५० यांत विभागलें जातें. महंमदखानाच्या मृत्यूचें साल इ. स. १६२७ असें दिलेलें आढळतें. परंतु त्या हिजरी सालाचे चार महिन्यांहूनहि कमी दिवस इ. स. १६२७ मध्यें व आठ महिने इ. स. १६२८ मध्यें येतात. तेव्हां साल 'इ. स. १६२७-२८' असेंच लिहिलें पाहिजे. याच हिजरी सालाच्या सफर महिन्यांत जहांगीर बादशहाहि मरण पावला. म्हणजे जहागीर देणारा धनी व ती घेणारा सरदार हे एकाच वर्षीं गेले, आणि आष्टीचा वारसा शाहजहानच्या नव्या राजवटींत नव्या पिढीस टिकवावयाचा होता.

६. जहागीर आणि वतन

आतां मुख्य मुद्याकडे येतों. जहांगीरनें आष्टी, आमनेर, पवनार व तळेगांव हा टापू महंमदखानास जहागीर दिला; त्यानें तेथें बंदोबस्त करून ओसाड प्रदेश लागवडीस आणला, असें गॅझेटियरांत नमूद आहे. जुनीं पडलेलीं गांवें त्यानें पुन्हा वसविलीं, या म्हणण्यास ब्लॉखमनचाहि आधार आहे. करंजा (घाडगे) हा कसबा त्यानेंच वसविला अशी परंपरा आहे.

मोगली जहागीर म्हणजे जमिनीचें स्वामित्व नव्हे. मनसबदारास त्याच्या मनसबेच्या पगाराऐवजीं एखाद्या टापूचा महसूल लावून दिला जाई, आणि साधारणतः तीन चार वर्षांनीं ती नेमणूक बदलली जाई. उद्यां जो टापू दुसऱ्याकडे जाणार, त्यांत विहिरी खणाव्या, झाडें लावावीं, रयतेस तगाई द्यावी, असें कोणत्या सरदारास वाटणार? सतराव्या शतकांत आलेला फ्रेंच प्रवासी बर्निये यानें मोगल मुलखाच्या ओसाडपणाचें मुख्य कारण हेंच दिलें आहे. या नियमास मोठा अपवाद रजपूत राजांच्या वतन-जहागिरींचा. महंमदखान हा रजपूत राजा नव्हता, आष्टींत त्याचें पिढीजाद कांहीं नव्हतें; तथापि त्यानें आष्टीशीं वागणूक ठेविली ती वतनदाराची. गांवें वसविलीं, घर केलें, आणि देहहि तेथेंच ठेविला. त्याचा पुत्रहि चोवीस चांद्र वर्षांनीं त्याच्या शेजारीं निजला. एकाच कुळाच्या दोन पिढ्यांचे मकबरे एकाच जागीं असणें हा आमच्या मतें कोणत्याहि सनदेइतका बोलका पुरावा आहे. बदलीवर असलेला अंमलदार परक्या कसब्यांत वाडा बांधील. पण बापाशेजारीं थडगें बांधतो तो घरचा माणूस.

हें सरकारास कां चाललें, याचेंहि कारण भूगोलांत आहे. आष्टीच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा व देवगडच्या गोंड राजांचा मुलूख, पश्चिमेस वऱ्हाडचें सपाट व सुपीक मैदान. मलिक अंबराच्या युद्धांत सुभ्याचें सारें लक्ष दक्षिणेकडे लागलें असतां या ईशान्येच्या कोपऱ्यांत एक विश्वासू पठाण पथक कायमचें बसलेलें असणें सरकारच्या हिताचेंच होतें.

याच सुभ्यांतील एका मराठा घराण्याशीं तुलना केली म्हणजे मुद्दा अधिक उघड होतो. सिंदखेडचे लखुजी जाधवराव हे महंमदखानाचे समकालीन. तेहि कांहीं काळ मोगलांचे मनसबदार झाले, आणि इ. स. १६२९ मध्यें देवगिरीच्या किल्ल्यांत निजामशहाच्या दरबारीं मारले गेले. घराण्याचा कर्ता पुरुष असा गेला तरी सिंदखेडची देशमुखी जाधवांची राहिली, कारण देशमुखी हें वतन होतें व तें मनसबेबरोबर जात येत नसे. नियाझ्यांच्या हातीं मात्र जहागीर होती, वतन नव्हतें. वागणूक वतनदाराची व हक्क जहागीरदाराचा, या विसंगतींतच या घराण्याच्या पुढील ऱ्हासाचें बीज आहे.

७. अहमदखान

महंमदखानाच्या मागें त्याचा वडील मुलगा अहमदखान पुढें आला. त्याच्यापुढील पहिली कसोटी राजकीय होती. लखीच्या लढाईंत महंमदखानाच्या खांद्यास खांदा लावून लढलेला दौलतखान लोदी. त्याचा पुत्र खानजहान लोदी हा जहांगीरच्या काळीं फार मोठ्या पदास चढला. त्यानें इ. स. १६२९ मध्यें शाहजहानविरुद्ध बंड केलें, निजामशाहींत आश्रय घेतला, आणि इ. स. १६३१ मध्यें तो पाठलागांत मारला गेला. हें बंड दक्षिणेंतील पठाण सरदारांस मोठें संकटच होतें. एकीकडे जात व जुना स्नेह, दुसरीकडे बादशहाचें अन्न. त्याच वेळीं दक्षिणेंत इ. स. १६३०-३२ चा भयंकर दुष्काळ पडला. अशा काळांतून अहमदखान पार पडला. पादशाहनाम्याच्या यादींत त्याची मनसब अडीच हजारांची आहे, म्हणजे बापाहून पांचशें अधिक. बंडखोरांशीं संबंध ठेवणाऱ्या पठाणास शाहजहाननें ही बढती दिली नसती. लखीच्या दोन सोबत्यांपैकीं एकाचा पुत्र साम्राज्याच्या शिखरावरून कोसळला व दुसऱ्याचा पुत्र आपल्या कसब्यांत शांतपणें मेला, हा विरोध लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

अहमदखान हिजरी १०६१ मध्यें, म्हणजे इ. स. १६५०-५१ मध्यें वारला. त्याचा मकबरा बापाच्या मकबऱ्याच्या धर्तीवर, परंतु लहान व कामांत कमी प्रतीचा आहे. मुलाची मनसब मोठी आणि मकबरा लहान! यावरून कसब्याची आवक घटली होती, किंवा बांधणाऱ्या तिसऱ्या पिढीचा हात आंखडता होता, यांपैकीं एक अनुमान करावें लागतें. येथून घराण्याचें सामर्थ्य ओसरूं लागलें.

८. उत्तरकाल आणि संग्राहकांस विनंती

औरंगजेबाच्या अखेरीस देवगडच्या बख्त बुलंदानें या बाजूस उचल खाल्ली. पुढें अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत रघूजी भोसल्यांचा अंमल कायम झाला. तो इ. स. १८५३ पर्यंत राहिला, आणि इ. स. १८६२ मध्यें नागपूर जिल्ह्यांतून वर्धा जिल्हा वेगळा निघाला. या प्रत्येक फेरबदलांत वतनदारांनीं आपलीं वतनें नव्या धन्याकडून करून घेतलीं; ज्या मोगली मनसबेवर नियाझ्यांची जहागीर उभी होती, ती मनसबच राहिली नाहीं.

या काळाचा इतिहास आतां घरोघरच्या कागदांवरून लिहावयाचा आहे, आणि म्हणूनच ही विनंती. आष्टी, आर्वी, करंजा, तळेगांव व पवनार येथील देशमुख, देशपांडे, काजी व खतीब यांच्या घरीं जुने फारसी व मोडी रुमाल असतील त्यांनीं पुढील गोष्टी पाहाव्या. फारसी कागदावर शिक्का असल्यास त्यांतील नांव व हिजरी साल प्रथम उतरून घ्यावें. साल १०३७ च्या आधींचें कीं नंतरचें, यावरून कागद पित्याचा कीं पुत्राचा हें ठरेल. कागदाची पाठ कोरी समजूं नये. दप्तराचे शेरे बहुधा पाठीवरच असतात आणि जमिनीचा तपशील तेथेंच सांपडतो. चकनाम्यांत शेताच्या चतुःसीमा दिलेल्या असतात. त्यांतील विहिरी, ओढे व झाडें आजच्या शिवाराशीं ताडून पाहावीं. भोसलेकालीन मोडी ताकीदपत्रांत 'आष्टीकर नवाब' किंवा 'नियाझी' असा उल्लेख असल्यास एक ओळहि वगळूं नये. कागद पुठ्ठ्यास चिकटवूं नयेत, कडा कापूं नयेत, आणि वाचतां येत नाहीं म्हणून टाकूं तर नयेच.

पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ इ. स. १९१० पासून व नागपूरचें विदर्भ संशोधन मंडळ इ. स. १९३४ पासून अशा साधनांच्या शोधांत आहे. मराठा घराण्यांचीं दप्तरें त्यामुळें पुष्कळ प्रकाशांत आलीं. वऱ्हाडांतील मुसलमान घराण्यांच्या दप्तरांकडे तितकें लक्ष गेलें नाहीं. हा भेद इतिहासाच्या दृष्टीनें टिकणारा नाहीं. ज्यानें ओसाड गांवें वसविलीं, ज्याच्या कुळानें दोन पिढ्या याच मातींत देह ठेविला, तो मनुष्य कोणत्याहि भाषेंत प्रार्थना करीत असला तरी या प्रांताच्या इतिहासाचा धनी आहे. औरंगाबादेच्या लुटींतून विखुरलेलीं पानें गोळा करणारा एक आझाद भेटला, म्हणून महंमदखानाचें चरित्र वांचलें. आष्टीच्या पुढच्या पिढ्यांचीं पानें गोळा करण्याचें काम आतां आपल्यापैकीं ज्यांच्या घरीं जुने रुमाल आहेत त्यांजकडे आहे.